ऑर्वेलचा नायक कारकून का होता?

माणसाचे व्यक्तिपण गिळून टाकणाऱ्या सर्वंकष राजसत्तेचे चित्र रंगविणाऱ्या कादंबऱ्यांची चर्चा निघाली की तीन नावे बहुधा एकत्र घेतली जातात. रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन याने १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आम्ही’ या कादंबरीचा नायक अंतराळयान बांधणारा अभियंता आहे. आल्डस हक्स्लेच्या १९३२ मधील ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये ज्याच्या असमाधानापासून कथा सुरू होते तो झोपेत शिकवण देण्याच्या शास्त्रातला तज्ज्ञ आहे. या दोघांपेक्षा अधिक वाचकांपर्यंत पोहोचलेल्या, जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ मधील ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीचा नायक मात्र कारकून आहे. विन्स्टन स्मिथ सरकारच्या दप्तरखान्यात टेबलाशी बसतो, वर्तमानपत्रांचे जुने अंक काढतो आणि वरून आलेल्या आदेशाप्रमाणे त्यांतील मजकूर व आकडे बदलतो.

ही निवड सहज झालेली नाही. तिचे कारण शोधावयाचे तर ऑर्वेलच्या चरित्राकडेच वळावे लागते. सरकारी नियंत्रणावर लिहिणारे पुष्कळसे लेखक सत्तेला बाहेरून पाहतात. ऑर्वेलने मात्र तिची काठीही हाती धरली होती आणि लेखणीही.

त्याचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. २५ जून १९०३ रोजी बिहारमधील मोतीहारी येथे त्याचा जन्म झाला. वडील रिचर्ड ब्लेअर हे ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात अधिकारी होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे खाते परिचित असते. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देऊन अफूची लागवड करावयास लावावयाचे, सारा माल सरकारनेच ठरविलेल्या भावाने घ्यावयाचा आणि तो लिलावाने परदेशी, मुख्यत: चीनकडे, रवाना करावयाचा, अशी ती मक्तेदारी होती. एरिक वर्षभराचा असतानाच आईबरोबर इंग्लंडला गेला. त्यामुळे मोतीहारीची स्मृती त्याला असणे शक्य नव्हते. परंतु त्याच्या घराची चूल ज्या पगारावर चालत होती तो सरकारच्या एका निर्विवाद मक्तेदारीतून येत होता.

ईटनच्या सुप्रसिद्ध शाळेत शिष्यवृत्तीवर शिकल्यावर त्याने विद्यापीठाची वाट धरली नाही. तो १९२२ मध्ये इंपीरियल पोलीस दलात दाखल होऊन ब्रह्मदेशात गेला. ब्रह्मदेश त्या वेळी हिंदुस्थानच्याच कारभाराचा भाग होता. पाच वर्षे त्याने तेथे ठाणी सांभाळली, तुरुंग पाहिले, शिक्षांची अंमलबजावणी पाहिली. रजेवर इंग्लंडला आला असता १९२७ मध्ये त्याने राजीनामा दिला. पुढे ब्रह्मदेशातील अनुभवांवर त्याने जे लेखन केले, त्यातील एक निबंध पिसाळलेल्या हत्तीसंबंधी आहे. जमाव पाहत असल्यामुळे, मनात नसतानाही, गोऱ्या अधिकाऱ्याला तो हत्ती मारावा लागतो. सत्ता ज्याच्यावर चालते त्याचेच व्यक्तिपण जाते असे आपण समजतो; ती चालविणाऱ्यालाही मुखवटा चढवावा लागतो आणि हळूहळू चेहरा त्या मुखवट्याच्या मापाचा होतो, हे ऑर्वेल ब्रह्मदेशात शिकला.

नोकरी सोडल्यावर त्याने पॅरिस आणि लंडन येथे दारिद्र्याचा अनुभव घेतला. त्यावरील पुस्तक १९३३ मध्ये प्रसिद्ध होताना त्याने ‘जॉर्ज ऑर्वेल’ हे नाव धारण केले. १९३६ मध्ये तो इंग्लंडच्या उत्तर भागातील विगन व इतर खाणगावांत गेला. महामंदीच्या त्या काळात बेकारभत्ता देताना सरकार सबंध कुटुंबाच्या मिळकतीची चौकशी करीत असे. घरात कोणी मिळवते असले की इतरांचा भत्ता कापला जाई. परिणामी भत्ता वाचविण्यासाठी माणसे घर सोडून भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. हेतू काटकसरीचा होता, कायदा संसदेने केलेला होता. तथापि एका तक्त्यातील रकान्याने कुटुंबे मोडली. ऑर्वेलने याची नोंद केली, पण त्यावरून सरकारने गरिबांच्या जीवनात पडूच नये असा निष्कर्ष त्याने काढला नाही. तो समाजवादी झाला आणि अखेरपर्यंत समाजवादीच राहिला. त्याच्या नावाचा उपयोग सरसकट सर्व सरकारी नियोजनाविरुद्ध करणारे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

त्याच्या विचारांना निर्णायक वळण मिळाले ते स्पेनमध्ये. फ्रँकोच्या बंडाविरुद्ध लढण्यासाठी १९३६ च्या डिसेंबरमध्ये तो बार्सिलोनास गेला आणि ‘पोउम’ या छोट्या डाव्या पक्षाच्या सैन्यतुकडीत भरती झाला. २० मे १९३७ रोजी वेस्काजवळच्या आघाडीवर शत्रूची गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. प्राण वाचले, पण बरा होऊन परततो तो त्याच्या पक्षावरच बंदी आलेली. मॉस्कोच्या प्रभावाखालील गटांनी ‘पोउम’ला फॅसिस्टांचे हस्तक ठरविले होते आणि सहकाऱ्यांची धरपकड चालू होती. ऑर्वेल व त्याची पत्नी आयलीन यांना सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये पळ काढावा लागला.

पाठलागापेक्षाही त्याला अधिक हादरविले ते वृत्तपत्रांनी. जेथे लढाई झालीच नव्हती तेथील घनघोर लढायांची वर्णने छापली गेली आणि जेथे शेकडो माणसे पडली तेथील बातमी गडप झाली. खोटे बोलणे हे राजकारणात नवे नव्हे. परंतु खोटे बोलणाऱ्यालाही आजवर कुठे तरी खरी नोंद आहे याची धास्ती असे. आता ती नोंदच राहू द्यावयाची नाही असा प्रयत्न चालला आहे, हे ऑर्वेलच्या ध्यानात आले. स्पेनवरील त्याचे पुस्तक १९३८ मध्ये निघाले. त्याच्या अवघ्या १५०० प्रती छापल्या होत्या आणि त्याही त्याच्या हयातीत संपल्या नाहीत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. छातीच्या विकारामुळे सैन्यात प्रवेश मिळाला नाही. तेव्हा १९४१ च्या ऑगस्टमध्ये तो बीबीसीच्या पौर्वात्य विभागात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार करण्याच्या कामावर रुजू झाला. या कालखंडाचा मराठी माणसाशी थेट संबंध आहे. ऑर्वेल इंग्रजीत लिहीत असलेली साप्ताहिक वार्तापत्रे भाषांतरित होऊन मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ या भाषांतून प्रक्षेपित होत. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या वेणू चितळे या त्या विभागात त्याच्या सहकारी होत्या. इंग्रजीतून आणि मराठीतूनही त्यांचा आवाज लंडनहून ऐकू येई.

साम्राज्यशाहीचा हा कडवा विरोधक आता साम्राज्याच्याच ध्वनिक्षेपकामागे बसला होता. फॅसिझमचा पाडाव आधी झाला पाहिजे या विचाराने त्याने ते काम पत्करले होते. परंतु प्रत्येक संहिता सेन्सॉरच्या नजरेखालून जाई आणि शिक्का उमटल्याखेरीज एक वाक्यही बोलता येत नसे. आयलीन युद्धाच्या आरंभी सेन्सॉर खात्यात आणि पुढे अन्न मंत्रालयात नोकरीस होती. माहिती मंत्रालयाचे ठाणे होते लंडन विद्यापीठाच्या ‘सेनेट हाउस’ या टोलेजंग इमारतीत. कादंबरीतील सत्य मंत्रालयाची उत्तुंग वास्तू वाचताना तिची आठवण होते ती उगीच नव्हे. आपले श्रम वाया जात आहेत असे वाटून ऑर्वेलने १९४३ मध्ये राजीनामा दिला. दोन वर्षांत तो स्वत: काही काळ विन्स्टन स्मिथच्या टेबलाशी बसून आला होता. तेथील माणसे दुष्ट नव्हती, सुसंस्कृत होती, हेही त्याने पाहिले होते.

त्यानंतर लिहिलेल्या ‘ॲनिमल फार्म’ या रूपककथेची कहाणी याहून बोलकी आहे. रशिया हा युद्धातील मित्र होता, त्यामुळे स्टालिनच्या राजवटीवरील ही टीका छापण्यास एकामागून एक प्रकाशक नकार देत गेले. बंदी कोणी घातली नव्हती. एका प्रकाशकाने तर पुस्तक स्वीकारून, माहिती मंत्रालयातील एका अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन, ते परत केले. युद्ध संपल्यावर, १९४५ च्या ऑगस्टमध्ये, ते प्रसिद्ध झाले. त्याआधी मार्च महिन्यात आयलीन शस्त्रक्रियेच्या वेळी मरण पावली होती. दत्तक घेतलेल्या तान्ह्या मुलाला घेऊन ऑर्वेलने पुढे स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील ज्यूरा बेटावर बिऱ्हाड केले आणि वाढत्या आजारात ‘नाइन्टीन एटी-फोर’ लिहिण्यास घेतली.

त्या काळच्या ब्रिटनमध्ये टंचाई होती. युद्धात कधी न झालेले पावाचे रेशनिंग जुलै १९४६ पासून जुलै १९४८ पर्यंत अमलात होते. ऑर्वेलच्या क्षयावर लागणारे स्ट्रेप्टोमायसीन अमेरिकेहून आणविण्यासाठी सरकारी परवानगीची गरज पडली. नियंत्रणे कशी असतात हे तो रोज अनुभवीत होता. त्याच्या कादंबरीतही रेशन आहे; पण तिच्यातील भीती रेशनची नाही. तेथे चॉकलेटचे रेशन ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर येते आणि दुसऱ्या दिवशी ते वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल सरकारचे आभार मानणारे मोर्चे निघाल्याचे जाहीर होते. बुटांच्या उत्पादनाचा अंदाज १४ कोटी ५० लाख जोडांचा असतो, प्रत्यक्ष आकडा ६ कोटी २० लाखांचा सांगितला जातो. तेव्हा विन्स्टन जुना अंदाज खोडून ५ कोटी ७० लाख करतो, म्हणजे उद्दिष्टापेक्षा अधिक उत्पादन झाले असे ठरते. खरे बूट किती तयार झाले हे कोणालाच ठाऊक नाही आणि निम्मी जनता अनवाणी असण्याचा संभव आहे.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला या प्रसंगातील मर्म चटकन कळावे. टंचाई असेल तर वाटणी करावी लागते आणि वाटणीसाठी सरकारला नियंत्रण ठेवावे लागते. ज्या राज्यात रेशन ३० वरून २० झाले असे म्हणता येते, तेथे नागरिक तक्रार करू शकतो, सरकार बदलू शकतो. ब्रिटनमधील नियंत्रणे अशाच राज्यातील होती. ज्या राज्यात ३० हा आकडाच पुसला जातो, तेथे तक्रारीला आधार उरत नाही. उरते केवळ स्वत:ची आठवण, आणि दप्तराविरुद्ध एकट्याची आठवण फार काळ टिकत नाही. व्यक्तिपण नष्ट होते ते या जागी. कादंबरीच्या अखेरीस छळकोठडीत दोन आणि दोन पाच हे विन्स्टनच्या मनात उतरविले जाते. पण त्या गणिताचा पहिला धडा त्याने आपल्या टेबलाशी स्वत:च्या हाताने गिरविलेला असतो.

आणि त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की त्याला ते काम आवडते. खरोखर होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याचे नाव नोंदीतून नाहीसे करावयाचे असते. त्या जागी तो कधीही न जन्मलेल्या एका आदर्श वीराचे चरित्र रचतो आणि आपल्या कौशल्यावर खूष होतो. सत्तेला द्वेष्टे चाकर लागत नाहीत. आपले काम चोख करणारी माणसे पुरतात.

ऑर्वेल स्वत:ही या मोहापासून सर्वस्वी मुक्त नव्हता. १९४९ मध्ये, आरोग्यधामात पडून असताना, त्याने ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका प्रचारविभागाला ३८ नावांची यादी पाठविली. कम्युनिस्टविरोधी लेखनासाठी ज्यांच्यावर भरवसा ठेवू नये असे त्याला वाटत होते अशांची ती नावे होती. ती संपूर्ण यादी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच्या चाहत्यांना धक्का बसला. ते सल्लापत्र होते, अटकेसाठी नव्हते, असा बचाव करता येतो आणि तो निराधारही नाही. तरीही माणसांची मते रकान्यात भरून सरकारकडे धाडणे हे त्यानेच रंगविलेल्या जगाच्या दिशेने पडलेले पाऊल होते. ही नोंद त्याच्या चरित्रातून गाळणे म्हणजे विन्स्टनचेच काम करणे होय.

‘नाइन्टीन एटी-फोर’ ८ जून १९४९ रोजी प्रसिद्ध झाली. २१ जानेवारी १९५० रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात ऑर्वेलचा अंत झाला. वय अवघे ४६. सटन कोर्टने या खेड्यातील थडग्यावर जगाला ठाऊक असलेले नाव नाही. तेथे एरिक आर्थर ब्लेअर एवढेच कोरले आहे.

त्याने नायक म्हणून कारकून का निवडला याचे उत्तर आता देता येते. हुकूमशहा एकटा असतो. त्याच्या इच्छेची नोंद करणारे हात हजारो असतात. कोणत्याही राजवटीतील खोट्या आकड्याला कागदावर येण्यासाठी एक हस्ताक्षर लागते. ते हस्ताक्षर शिक्षकाचे असते, कारकुनाचे असते, उद्या नोकरीस लागणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याचे असते. निकालपत्रकातील टक्केवारी, अहवालातील गाळलेला परिच्छेद, मागील तारखेने केलेली नोंद, यांपैकी एकही गोष्ट तुरुंगासारखी दिसत नाही आणि नकार दिल्याने कोणी वीर ठरत नाही. बहुधा बदली होते किंवा बढती थांबते. ऑर्वेलने दोन वेळा राजीनामा दिला, कारण त्याला तो देणे परवडले. ज्यांना परवडत नाही त्यांच्यापुढचा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांपुढचा प्रश्न तोच आहे. निदान खरा आकडा कोणता होता हे आपल्या वहीत लिहून ठेवणे, एवढे तरी त्याचा कारकून करू पाहत होता. पकडला जाईल हे ठाऊक असूनही त्याने रोजनिशी लिहावयास घेतली, तेथूनच तो पुन्हा माणूस होऊ लागला.