कवीच्या घरातले ससे

आमच्या गोंदियाकडे नागझिऱ्याच्या वाटेवर रानससा दिसतो तो पळतानाच. (आता तो घरी पाळायला कायद्याचीही मनाई आहे, पांढरा पाळीव ससा वेगळा.) म्हणूनच इंग्रज कवी विल्यम कूपर मला नवलाचा वाटतो. १७७३ मध्ये त्याच्या मनाचा तोल ढळला. पुढल्या वर्षी, ऑल्नी गावात, शेजारची मुलं कंटाळल्याने रोडावलेलं रानसशाचं एक पिल्लू त्याने ठेवून घेतलं. मग काय, लोक पिल्लं आणूनच देऊ लागले! त्याने तीन ठेवली, त्यांची घरं स्वतः बनवली. त्या कामात मन गुंतलं. संध्याकाळी ससे बैठकीच्या गालिच्यावर बागडत. बेस लवकर गेला. टायनी कधीच माणसाळला नाही. आजारपणात कूपरने शुश्रूषा केलेला पस मात्र त्याचा सोबती झाला. तो १७८६ मध्ये गेला. वय अकरा वर्षं अकरा महिने, अशी कूपरची नोंद आहे. बँकेत जन्म काढलेल्या मला त्यातले ते महिने फार भावतात.