मामाच्या गॅरेजात भेटलेला रॉबर्ट बॉश

दिवाळीच्या सुट्टीत मी वैजापूरला मामाकडे होतो. मामाचं रोटेगाव रस्त्याला छोटंसं गॅरेज आहे. तिथे एक भाड्याने चालणारी गाडी आली. एबीएस आणि ईएससी, दोन्ही दिवे पेटलेले. स्पीडोमीटरचा काटा शून्यावरून हलायला तयार नाही. मालक काका रोज समृद्धीवर फेऱ्या करणारे. कुणीतरी त्यांना अख्खं एबीएस युनिट बदलायला सांगितलं होतं, आणि इकडे गाडीचे हप्ते चालू. चेहरा पार उतरला होता बिचाऱ्यांचा.

मामाने स्कॅनर लावला. कोड आला यू ०१२१. म्हणजे इंजिनच्या कंट्रोलरला एबीएस युनिटकडून काही ऐकूच येत नव्हतं. हे सगळे कंट्रोलर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात, त्या कॅन बसची पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली, आणि १९९५ मध्ये मर्सिडीजसोबत ईएससी बाजारात आणणारीही तीच, हे मी मोठ्या ऐटीत मामाला सांगितलं. मामाला बॉश माहीत होती ती मायको म्हणून. डिझेलचे पंप, नोझल आणि नाशिकचं मायको सर्कल. पण हा बॉश नावाचा माणूस कोण, असं मामाने विचारलं तेव्हा माझी बोबडी वळली. हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत बसून वाचलं, ते इथे देतोय.

रॉबर्ट बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, जर्मनीत उल्मजवळच्या आल्बेक गावात. बारा भावंडांत अकरावा. वडिलांची शेती आणि खानावळ. पोरगं शाळेत फार रमलं नाही, म्हणून त्याला सूक्ष्मयंत्रांच्या कारागिराकडे उमेदवारीला घातलं. तिथला मालक काही धड शिकवत नसे, आणि ही खंत त्याला जन्मभर राहिली. पुढे स्वतःच्या कारखान्यात त्याने शिकाऊ मुलांसाठी वेगळा विभाग काढला, त्याचं मूळ मला इथेच दिसतं. स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठात तो काही महिने बसला, तेही पाहुणा विद्यार्थी म्हणून. (आपल्या केटीवाल्यांनी जास्त खूश होऊ नये!) मग १८८४ मध्ये अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात, आणि नंतर इंग्लंडात सीमेन्सकडे नोकरी.

१५ नोव्हेंबर १८८६ ला त्याने स्टुटगार्टमध्ये वर्कशॉप उघडलं. सोबत एक कारागीर आणि एक निरोप्या पोरगा. टेलिफोन, विजेच्या घंट्या, जे येईल ते काम. सायकलवर बसून गिऱ्हाइकांकडे जायचा. मधे इतकी मंदी आली की बहुतेक कामगारांना कमी करावं लागलं. तुम्हीआम्ही तिथेच दुकान बंद केलं असतं.

त्याला तारलं मॅग्नेटोने. १८८७ मध्ये एका गिऱ्हाइकासाठी त्याने जागेवर चालणाऱ्या इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र बनवलं. ही काही त्याची मूळ कल्पना नव्हे; दुसऱ्याचं यंत्र बघून त्याने ते सुधारून बांधलं. खरी परीक्षा १८९७ मध्ये झाली. मिनिटाला १८०० फेरे घेणाऱ्या तीनचाकी मोटारीच्या इंजिनाला ते जुनं यंत्र पुरेना. त्याच्याकडच्या झेरिंगरने जड आर्मेचर हलवण्याऐवजी त्याभोवतीची हलकी नळी हलवायची युक्ती काढली. १९०२ मध्ये होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग दिला. म्हणजे बॉशच्या नावावरच्या मोठ्या गोष्टी त्याच्या माणसांनी केल्या. मला यात त्याचा कमीपणा वाटत नाही. अशी माणसं टिकवणं हेही कामच आहे.

१९०६ मध्ये त्याने कारखान्यात आठ तासांची पाळी लावली. इतर कारखानदार चिडले, त्याला लाल बॉश म्हणू लागले. तरी १९१३ मध्ये त्याच्याकडेही संप झालाच, आणि तो त्याला फार लागला. पहिल्या महायुद्धातला नफा त्याने लोकोपयोगी कामांना देऊन टाकला. १९२१ मध्ये एकुलता मुलगा दीर्घ आजाराने गेला. १९२७ पासून डिझेल पंप निघू लागले, म्हणजे मामाची रोजीरोटी! हिटलरच्या काळात त्याने ज्यूंना मदत केली, विरोधक गर्डेलरला कंपनीत आसरा दिला. पण त्याच कंपनीत युद्धसामग्री बनत होती आणि सक्तीने आणलेले मजूरही राबत होते. हे दोन्ही वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. १२ मार्च १९४२ ला तो वारला आणि त्याच राजवटीने त्याला सरकारी इतमामात निरोप दिला.

आता काकांची गाडी. बॅटरी काढून मामाने डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मीटर धरला. ६० ओहम. १२० चे दोन रोध समांतर, आपण परीक्षेत सोडवतो तेच गणित! म्हणजे दोन्ही टोकांपर्यंतच्या वायरी शाबूत. मग बॅटरी जोडून युनिटच्या कनेक्टरवर सप्लाय बघितला, तोही ठीक. अर्थिंग मीटरवर चांगली दिसली. मी म्हटलं, युनिटच गेलं. मामाने न बोलता २१ वॉटचा बल्ब घेतला, एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं त्या अर्थिंगच्या पिनेला लावलं. बल्ब मिणमिणला. मीटरला ओढायला करंट लागतोच किती? बल्बला लागतो. बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थिंगचा बोल्ट गंजून हिरवा पडला होता.

पॉलिश पेपरने घासून, बोल्ट आवळून, कोड पुसून आम्ही काकांना घेऊन रोटेगाव स्टेशनपर्यंत चक्कर मारली. काटा वर चढला, दिवे विझले. मामाने २०० रुपये घेतले. काकांनी बळेबळे वर चहा पाजला.