सर सँडफर्ड फ्लेमिंग : जगाचं घड्याळ लावणारा इंजिनीअर

डेटाबेस शिकताना एक नियम सगळ्यांनाच पाठ होतो. वेळ स्टोअर करायची ती यूटीसीमध्ये, आणि लोकल टाइम करायचा तो फक्त स्क्रीनवर दाखवताना. हा नियम कॉम्प्युटरवाल्यांचा वाटतो खरा, पण त्याच्या मुळाशी एक रेल्वे इंजिनीअर आहे!

सँडफर्ड फ्लेमिंग यांचा जन्म ७ जानेवारी १८२७ चा, स्कॉटलंडमधला. वयाच्या अठराव्या वर्षी ते भावाबरोबर कॅनडाला गेले आणि सर्व्हेची कामं करू लागले. १८५१ मध्ये कॅनडाचं पहिलं पोस्टाचं तिकीट, ते बीव्हरचं चित्र असलेलं, त्यांनीच डिझाइन केलं. पुढे ते इंटरकलोनिअल रेल्वेचे चीफ इंजिनीअर झाले. तिथे लाकडाचे स्वस्त पूल नकोत, लोखंड आणि दगडाचेच हवेत, म्हणून ते वरिष्ठांशी भांडले आणि बऱ्याच अंशी जिंकलेसुद्धा.

१८७६ मध्ये ते आयर्लंडमध्ये फिरत होते. टाइमटेबलात गाडी संध्याकाळी ५.३५ ची छापलेली. प्रत्यक्षात ती पहाटे ५.३५ ला निघून गेली होती! दुसरा कोणी असता तर स्टेशन मास्तरांशी हुज्जत घालून मोकळा झाला असता. फ्लेमिंग यांनी चूक त्या छापणाऱ्यावर ढकलली नाही. दिवसात ५.३५ दोनदा वाजतात, म्हणजे घोळ पद्धतीतच आहे, असं त्यांनी धरलं आणि चोवीस तासांच्या घड्याळाचा पुरस्कार सुरू केला. चूक होऊच शकणार नाही अशी रचना करायची, याला आज लीनवाले 'पोका-योके' म्हणतात. जपानी इंजिनीअर शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात ते मांडलं. फ्लेमिंग यांना ते नाव ठाऊक असणं शक्यच नव्हतं, पण डोकं त्याच दिशेने चाललं होतं असं मला वाटतं.

तेव्हा प्रत्येक गावाचे बारा त्या गावच्या सूर्यावर वाजत. घोडागाडीच्या काळात कोणाचं काही अडलं नाही, पण रेल्वे आली आणि गोंधळ उडाला. अमेरिकेत तर निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांच्या मिळून पन्नासच्या आसपास वेळा चालत. १८७९ मध्ये फ्लेमिंग यांनी टोरंटोला आपली योजना वाचली. सगळ्या पृथ्वीची एकच वेळ, आणि स्थानिक सोयीसाठी १५ अंशांचे २४ पट्टे. आपली यूटीसी आणि टाइम झोन म्हणजे हेच की! १८ नोव्हेंबर १८८३ ला अमेरिका-कॅनडाच्या रेल्वेंनी प्रमाणवेळ स्वीकारली. त्याचं श्रेय मात्र एकट्या फ्लेमिंग यांचं नाही, चार्ल्स डाउड आणि विल्यम ॲलन यांचंही आहे. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रिनिच मूळ रेखावृत्त ठरलं. फ्लेमिंग तिथे हजर होते, पण झोनची त्यांची कल्पना परिषदेने काही मंजूर केली नाही. देशांनी ती नंतर आपापल्या सवडीने घेतली.

१८९७ मध्ये ते 'सर' झाले. ज्या पॅसिफिक केबलसाठी त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, ती १९०२ मध्ये पूर्ण झाली. २२ जुलै १९१५ ला हॅलिफॅक्स इथे त्यांचं निधन झालं.

लोकांनी लोकल टाइम हळूहळू सोडून द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. ती काही फळली नाही. आपल्या मुंबईचंच बघा ना. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ आली, तीही अर्ध्या तासाच्या फरकाची, फ्लेमिंग यांच्या पट्ट्यांत न बसणारी. तरी ३९ मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइम मुंबईत १९५५ पर्यंत टिकून होता! सगळे प्रोग्रॅमर वापरतात त्या टाइम झोन डेटाबेसमध्ये भारतासाठी 'एशिया/कोलकाता' एवढीच नोंद आहे, मुंबईची वेगळी नाही. त्यामुळे १९५० सालचा, बॉम्बे टाइमप्रमाणे सकाळी ८ चा एखादा जन्म नोंदवायचा असेल, तर ती ३९ मिनिटं आपली आपणच मिळवायची. डेटाबेस एरर दाखवत नाही, मुकाट्याने चुकीची वेळ साठवून ठेवतो.