यंत्रशिल्पी लक्ष्मणराव किर्लोस्कर

विद्यार्थिमित्रांनो, रस्त्याने जाणारी मोटार मध्येच थांबते, चालक झाकण उघडतो आणि पट्टा तुटल्याचे दिसून येते, असा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. जुन्या घडणीच्या मोटारींत हा एक साधा पट्टा एंजिनच्या पुलीवरून पंखा, पाण्याचा पंप आणि वीज निर्माण करणारे यंत्र यांना फिरवितो. तो तुटला की पाणी उकळू लागते आणि शेकडो भागांचे एंजिन एका पट्ट्यावाचून निकामी होऊन बसते. पट्टा दुकानात मिळेल; पण ज्या पुलीवर तो फिरतो तीच झिजली आणि तसा भाग कोठेच मिळेनासा झाला, तर काय करावे? गाडी टाकून द्यावी, की तो भाग आपल्या हातांनी घडवावा? ज्या थोर पुरुषाने हा दुसरा मार्ग आपल्या आयुष्यभर चोखाळला, त्या कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र आज आपण पाहणार आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. तो मुलूख कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांचा. मुधोळच्या मुलांना मराठी आणि तेलुगू या दोन भाषा कानांवर घेत वाढण्याचे नवल वाटत नाही. माझी स्वतःची घरची बोली कोंकणी, त्यामुळे मलाही ते परके नाही. लक्ष्मणरावांना शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांची ओढ अधिक होती. चित्रकार व्हावे या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु तेथे एक विलक्षण आपत्ती त्यांच्यापुढे उभी राहिली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना उमगत नसे, हे ध्यानात आले. ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे? एखादा तरुण अशा वेळी निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र रंग सोडले, रेषा सोडली नाही. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले.

ही रेषाच पुढे त्यांचे भांडवल ठरली. झिजलेल्या भागाच्या जागी नवा भाग करावयाचा म्हणजे काय काय करावे लागते ते पाहा. प्रथम जुन्या भागाचे काटेकोर मोजमाप घेऊन त्याचे रेखाचित्र काढावयाचे. त्यावरून लाकडाचा नमुना तयार करावयाचा. तोही थोडा मोठा, कारण बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आकसते. मग ओलसर वाळूत नमुन्याचा ठसा घ्यावयाचा, त्यात वितळलेला रस ओतावयाचा आणि निघालेला ओबडधोबड तुकडा लेथवर चढवून अचूक मापाचा करावयाचा. पुलीची खाच चुकली तर पट्टा घसरतो किंवा लवकर झिजतो. दोन पुल्या एका रेषेत नसल्या तर तो निसटतो. दहा इंची पुलीऐवजी पाच इंची बसविली तर तिची गती दुप्पट होते. म्हणजे हे काम हातांचे खरे, परंतु त्यामागे गणित, निरीक्षण आणि सहनशीलता ही तिन्ही हवीत.

मुंबईच्या संस्थेत आपला बढतीचा हक्क डावलला गेल्याचे पाहून स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला. वडीलबंधू रामूअण्णा बेळगावात सायकलींचे दुकान चालवीत होते; लक्ष्मणराव त्यांना जाऊन मिळाले. पुढे दोघा बंधूंनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करावयास घेतले. परदेशी नांगराचा फाळ झिजला तर दुसरा कोठून आणावा, हा शेतकऱ्यापुढे प्रश्नच असे. आपल्याच मुलखात नांगर आणि त्याचे भाग तयार झाले तर तो प्रश्न सुटणार होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या काळी शेतकरीवर्गात रूढ होती. कित्येक दिवस नांगर विकलेच जात नसत. लक्ष्मणराव डगमगले नाहीत. दोष सुधारीत आणि शेतकऱ्यांना नांगर दाखवीत राहिले.

इतक्यात बेळगावची कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलाविले. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या, निवडुंगाने माजलेल्या ओसाड माळावर कारखाना आणि वसाहत यांची उभारणी सुरू झाली. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. त्या काळच्या कारखान्यांत एकच एंजिन छताखालचा लांब दांडा फिरवी आणि त्यावरून चामड्याचे पट्टे निरनिराळ्या यंत्रांना गती देत. एक पट्टा तुटला की एक यंत्र थांबे. एंजिन थांबले की सारा कारखाना थांबे. दुकानांपासून दूर असलेल्या त्या माळावर दुरुस्ती स्वतःच केल्यावाचून गत्यंतर नव्हते.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशातून येणारे लोखंड दुर्मिळ झाले. भट्टी विझली तर कामगारांच्या चुली विझणार होत्या. लक्ष्मणरावांनी मोडीचे लोखंड गोळा केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. ज्या धातूने एके काळी माणसे मारली, त्याच धातूचे नांगर होऊन जमीन नांगरली गेली!

टाकाऊ लोखंडाप्रमाणेच समाजाने टाकलेली माणसेही त्यांनी दूर लोटली नाहीत. गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी काम आणि विश्वास दिला, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. १९४८ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, दंगलीत कारखान्याला आग लागल्याचे दुःख त्यांच्या वाट्याला आले. आयुष्याची कमाई जळताना पाहूनही त्या वृद्धाचे मन करपले नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. त्याआधीच, १९४६ साली, पुण्यात त्यांच्या कुटुंबीयांनी ऑइल एंजिनांचा कारखाना उभारला होता आणि शेतकऱ्यांच्या विहिरींवर देशी एंजिने धडधडू लागणार होती. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचा देहान्त झाला. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

ज्या वर्षी लक्ष्मणराव गेले, त्याच वर्षी आपला मुधोळ भाग नांदेड जिल्ह्यातून आदिलाबाद जिल्ह्यात आला. २०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात मोडतो. जिल्हे बदलले, शेतातील काळी माती तीच राहिली आणि तीत राबणारी अवजारेही झिजतच राहिली. गावातील लोहाराच्या भात्याजवळ किंवा दुरुस्तीच्या दुकानात तेलकट हातांनी एखादा भाग घासणारा कारागीर दिसला, तर मुलांनो, क्षणभर थांबा आणि त्याचे काम नीट पाहा. त्याला नावे ठेवू नका. जमल्यास त्याच्याजवळून माप घ्यावयास शिका. तुमच्या एखाद्या इच्छेचा रंग तुम्हांला दिसेनासा झाला, तरी हातातील रेषा सोडू नका. लक्ष्मणरावांच्या चरित्राचा बोध मला तरी हाच वाटतो.