बाबासाहेब, निजामी राजवट आणि मनाचं स्वातंत्र्य

परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलं आहे. मी गिरणीत साचे चालवणारा माणूस. माझं शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात झालेलं. पण स्मरणिकेच्या मंडळींनी आग्रह केला, म्हणून बाबासाहेबांच्या जीवनातली एकच बाजू मांडतो. आपलं औसा ज्या राजवटीत होतं, तिच्याशी ही बाजू जोडलेली आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथं लष्करातल्या सुभेदाराच्या घरी झाला. वडील रामजी कबीरपंथी. घरात भजन होतं, वाचन होतं, पण शाळेत मात्र पाण्याला हात लावायची बंदी. पुढं कोलंबियाची मोठी पदवी घेऊन आले तरी बडोद्यात राहायला जागा मिळेना. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं, १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह मांडला. आम्हा गिरणी कामगारांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्याला काम नव्हतं, कारण धोट्यात कांडी भरली की सूत तोंडानं ओढावं लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. आज मी साच्यावर उभा आहे, त्यामागं ते आहेत.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. १९११ पासून इथं सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर होते. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा, असा कारभार होता. वर राजा, गावात पाटील-देशमुख, आणि सगळ्यांच्या खाली येसकरकी, वेठबिगार करणारा आपला माणूस. १९३४ साली बाबासाहेब काही सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासात धुळीनं माखले होते म्हणून सगळ्यांनी तिथल्या हौदावर हातपाय, तोंड धुतलं. लगेच तिथले मुसलमान धावून आले, पाणी बाटवलं म्हणून शिव्या सुरू झाल्या. शेवटी किल्ल्यात पाण्याला शिवणार नाही या अटीवर, हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन त्यांना आत सोडलं. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. अस्पृश्यता एकाच धर्माच्या माणसाच्या डोक्यात नसते, हा धडा त्यांना आपल्याच मराठवाड्यानं दिला.

त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी निजामाच्या हद्दीजवळच्या येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. मग काय, सगळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्या दाराशी येऊ लागले. हैद्राबाद संस्थानात तर आपल्या डोक्यांची मोजदादच चालली होती. इत्तेहादचे लोक मुसलमान करून घ्यायला यायचे, आर्य समाजवाले शुद्धी करायला यायचे. ज्याची डोकी जास्त त्याच्या जागा जास्त, हा हिशेब. आपल्या माणसाला आतून काय वाटतं, हे विचारायला कोणी येत नव्हतं.

बाबासाहेब ते विचारायला आले. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांनी परिषद भरवली, तिथं ते आले. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग परिषदेसाठी आले. तडवळं औशापासून काही फार लांब नाही. आपले लोक भाकरी बांधून तिथं गेले असतील, हे सांगायला पुरावा कशाला पाहिजे?

आता मुख्य मुद्दा. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात यायला तयार नव्हते. कासीम रझवी हा लातूरचाच वकील. त्याच्या रझाकारांचा धाक गावोगाव होता. अशा वेळी नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढलं. ते तेव्हा देशाचे कायदामंत्री होते. पाकिस्तानातल्या आणि हैद्राबादमधल्या आपल्या लोकांना त्यांनी सांगितलं, की जीव वाचवायला सोपी वाट म्हणून मुसलमान होऊ नका आणि निजामाची बाजू घेऊन समाजाला काळिमा लावू नका. आणि ज्यांना जबरदस्तीनं बाटवलं, त्यांना पुन्हा पहिल्यासारखं भाऊ म्हणून घेतलं जाईल, असा शब्दही दिला.

वाचताना मला पहिल्यांदा कोडं पडलं. ज्यानं धर्म सोडा म्हणून सांगितलं, तोच माणूस बारा वर्षांनी धर्म बदलू नका असं कसं म्हणतो? पुष्कळ दिवस विचार केल्यावर कळलं, की दोन्ही गोष्टी एकच आहेत. मानेवर तलवार ठेवून किंवा पुढ्यात ज्वारीचं पोतं ठेवून घडवलेला बदल हा धर्मबदल नव्हे, ती दुसरी वेठबिगार. धर्म माणसानं स्वतःच्या मनाला विचारून घ्यायचा. आणि ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याला दोष द्यायचा नाही, जवळ घ्यायचं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. पण इथं खरं तेही बोललं पाहिजे. त्यानंतरच्या दिवसांत आपल्याच भागात हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं सरकारला अहवाल दिला. सर्वात जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं आहेत, आणि औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. जुलूम राजाचा असो की जमावाचा, जुलूमच. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्यानं दोन्ही सांगावेत.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. त्याचं २५ वं कलम प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचं आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं. आपल्या आज्या-पणज्यांना हा हक्क कागदावर पहिल्यांदाच मिळाला. निजामसुद्धा आता त्याच संविधानाखाली राजप्रमुख होते. त्याच वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. मन मोकळं करायचं तर आधी शिक्षण, हे बाबासाहेबांना माहीत होतं.

स्वतःसाठी त्यांनी घाई केली नाही. येवल्यापासून एकवीस वर्षं अभ्यास केला, सिलोन, ब्रह्मदेश पाहून आले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंना दिली. त्या दिवशी औसा हैद्राबाद राज्यात होतं आणि नागपूर मध्य प्रदेशात. कोणत्या राजाचा हुकूम नव्हता, कोणाला काही वाटलं नाही. उलट होतं तेही जाणार होतं. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

जाणार होतं म्हणजे काय? १९५० च्या आदेशाप्रमाणं बौद्ध झाला की अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती बंद. शिखांना त्या १९५६ साली मिळाल्या, बौद्धांना मिळायला १९९० उजाडलं. तोवर आपण घरात बुद्धवंदना म्हणत होतो आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार लिहीत होतो. माझ्याही दाखल्यावर तेच आहे. वडिलांनी माझ्या पोटापाण्यासाठी ते लिहिलं, मी त्यांना दोष देत नाही. पण सही करताना त्यांचा हात किती जड झाला असेल, हे आता लेकरांचा बाप झाल्यावर समजतं.

आज ती अडचण राहिली नाही. म्हणूनच विहाराच्या या वर्धापनदिनी माझी एकच विनंती आहे. लेकरांना त्रिशरण, पंचशील पाठ करून घ्या, पण आपण ते का घेतलं हेही सांगा. त्यांनी प्रश्न विचारले तर गप्प बसवू नका. आणि कोणाच्या घरात अजून देव्हारा असेल तर चारचौघांत त्याची फजिती करू नका. त्याच्याशेजारी बसा, बोला, पुस्तक द्या. धाकानं आलेला धम्म टिकणार नाही, आणि तो बाबासाहेबांचाही नसेल.

नमो बुद्धाय! जय भीम!