कप्तान स्लोकम

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तेथील फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीचे पाणी इतके चढते-उतरते, की भरतीला तरंगणारी गलबते ओहोटीला चिखलावर बसलेली दिसतात. या उपसागराजवळच्या माउंट हॅन्ली येथे २० फेब्रुवारी १८४४ रोजी जोशुआ स्लोकमचा जन्म झाला. अकरा भावंडांत तो पाचवा. वडील प्रथम शेतकरी होते. पुढे ते ब्रायर बेटावर जाऊन राहिले व कोळ्यांसाठी चामड्याचे बूट बनवू लागले. दहा वर्षांच्या जोशुआची शाळा सुटली आणि कातड्याच्या उग्र वासाने भरलेल्या त्या दुकानात त्याचे दिवस जाऊ लागले. मन मात्र खिडकीबाहेरच्या शिडांकडे धाव घेई. बारा वर्षांचा असताना घराच्या तळघरात लपूनछपून त्याने एका जहाजाची सुबक प्रतिकृती तयार केली. वडिलांच्या दृष्टीस ती पडताच त्यांनी ती भुईवर आपटून तिचे तुकडे केले. दोन वर्षांनी हा मुलगा घरातून पळाला व एका मच्छिमारी गलबतावर आचारी म्हणून राहिला. स्वयंपाक त्यास मुळीच येत नव्हता, त्यामुळे ती नोकरी फार दिवस टिकली नाही. १८६० साली आई निवर्तल्यावर तो कायमचाच समुद्रावर गेला.

साधा खलाशी म्हणून तो डब्लिन, लिव्हरपूल, चीन असा फिरला. इतर खलाशी विश्रांती घेत असता तो गणित व नौकानयनाची पुस्तके घेऊन बसे. अठराव्या वर्षी तो जहाजावरील दुय्यम अधिकारी झाला आणि १८६९ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कप्तान. १८७१ साली सिडनी बंदरात व्हर्जिनिया वॉकर या तरुणीशी त्याचा विवाह झाला. ही स्त्री मोठ्या धैर्याची होती. विवाहानंतर तिने जमिनीवर घर मांडले नाही. पतीचे जहाज हेच तिचे घर. तिची मुले समुद्रावर किंवा परक्या बंदरांत जन्मली. सात मुलांपैकी चार जगली. एकामागून एक मोठी जहाजे स्लोकमच्या हाताखाली आली आणि 'नॉर्दर्न लाइट' या तीन डोलकाठ्यांच्या भव्य जहाजाचा तो कप्तान व भागीदार झाला, तेव्हा त्याच्या भाग्याचा जणू कळस झाला.

परंतु ज्या विद्येत तो निष्णात होता, तिचाच काळ सरत आला होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. त्या चिंचोळ्या वाटेने आगबोटी सहज जात, शिडाच्या जहाजांना ते कठीण होते. युरोपातून मुंबईस यायला पूर्वी आफ्रिकेला वळसा घालावा लागे, तो आता आगबोटींना घालावा लागेना. वाऱ्यासाठी तिष्ठत राहणाऱ्या जहाजांना माल मिळेनासा झाला. १८८४ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे व्हर्जिनिया अल्पशा आजाराने वारली. त्या आघातातून स्लोकम कधीच पुरता सावरला नाही, असे त्याच्या मुलांना वाटत असे. तो तापट होता, शिस्तीच्या बाबतीत कठोर होता, आणि त्याला आवर घालणारे माणूस आता उरले नव्हते. १८८७ मध्ये 'अॅक्विडनेक' या त्याच्या स्वतःच्या जहाजावर ब्राझीलच्या किनाऱ्याशी खलाशांनी बंड केले. त्यात त्याच्या गोळीने एक मनुष्य मेला. त्याने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे ठरून न्यायालयाने त्याला सोडले. पुढे जहाजावर देवीची साथ आली. वर्षअखेरीस ते वाळूच्या दांड्यावर आदळून फुटले. त्याचा विमा उतरलेला नव्हता.

परक्या देशात, हाती पैसा नाही, बरोबर दुसरी पत्नी हेन्रिएटा व दोन मुलगे. स्लोकमने फुटलेल्या जहाजाच्या उरल्यासुरल्या सामानातून व रानातल्या लाकडातून पस्तीस फुटांची एक नौका बांधली. हेन्रिएटाने शिडे शिवली. १३ मे १८८८ रोजी नौका पाण्यात लोटली, त्याच दिवशी ब्राझीलमधील गुलाम मुक्त झाले, म्हणून तिचे नाव 'लिबर्दादे', म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवले. त्या नौकेने सुमारे साडेपाच हजार मैलांचा प्रवास करून हे कुटुंब सुखरूप अमेरिकेस पोचले. हेन्रिएटाला पुन्हा त्याच्याबरोबर समुद्रपर्यटन करण्याची इच्छा राहिली नाही, यात नवल ते काय?

१८९२ च्या हिवाळ्यात स्लोकम बॉस्टन शहरात रिकामा भटकत होता. अनुभवी कप्तान तो, पण त्याला जहाज द्यावयास कोणी तयार नव्हते. तेव्हा देवमाशांची शिकार करणाऱ्या एका वृद्ध कप्तानाने त्यास फेअरहेवन गावी असलेले आपले एक जहाज देऊ केले. थोडी डागडुजी करावी लागेल, एवढेच तो म्हणाला. स्लोकम तेथे जाऊन पाहतो, तो समुद्रापासून दूर एका कुरणात, टेकू देऊन, कॅनव्हासखाली झाकून ठेवलेली एक जराजीर्ण नौका! तिचे नाव 'स्प्रे'. गावकऱ्यांना ही म्हाताऱ्याने केलेली थट्टा वाटली.

स्लोकमने कुऱ्हाड उचलली. जवळच्याच कुरणात ओकचा एक मोठा वृक्ष होता. तो तोडून त्याने नौकेचा नवा कणा घडविला. कोवळ्या ओकच्या फांद्या वाफेवर मऊ करून वाकविल्या व त्यांच्या बरगड्या केल्या. एक कुजकी फळी काढावी व तेथे नवी बसवावी, असे करता करता जुन्या नौकेचा जवळजवळ कणही उरला नाही. तरी नाव मात्र तेच राहिले. फळ्यांमधल्या फटींत कापूस व ताग ठासून त्या बंद केल्या. तेरा महिने हे काम चालले. सामानास ५५३ डॉलर व ६२ सेंट एवढा खर्च आला. तयार झालेली नौका ३६ फूट ९ इंच लांब व १४ फूट २ इंच रुंद होती. तिच्यात यंत्र नव्हते. त्या काळी 'यॉट' म्हणजे श्रीमंतांची खेळणी होती. ती चकचकीत पितळेने मढविलेली असत आणि पगारी खलाशांकडून चालविली जात. स्प्रे दिसायला कोळ्याच्या होडीसारखी, पण तिचा प्रत्येक खिळा कोठे बसला आहे, हे तिच्या मालकास ठाऊक होते.

२४ एप्रिल १८९५ रोजी भर दुपारी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, स्लोकम बॉस्टनहून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. असे पूर्वी कोणीच केले नव्हते. वाटेत ब्रायर बेटावर जाऊन त्याने आपले बालपणीचे गाव पाहिले व जुलैच्या प्रारंभी अटलांटिक महासागरात नौका लोटली.

समुद्रावर आपण कोठे आहोत, हे कळण्यास दोन गोष्टी लागतात. विषुववृत्तापासूनचे अंतर मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून काढता येते. पूर्व-पश्चिमेचे स्थान काढण्यास मात्र अचूक घड्याळ हवे, कारण पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते व घड्याळाची चार मिनिटांची चूक म्हणजे एका अंशाची चूक. स्लोकमजवळ जुने नाविक घड्याळ होते, पण ते दुरुस्त करण्यास पंधरा डॉलर पडत. ते त्याने घरीच ठेवले व एक साधे पत्र्याचे घड्याळ विकत घेतले. किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटकी असल्यामुळे दुकानदाराने ते एका डॉलरला दिले. पुढे त्याचा मिनिटकाटाही गळाला आणि ते बंद पडू लागले, तेव्हा स्लोकमने ते चक्क पाण्यात उकळून चालू केले!

अझोर्स बेटांवर मिळालेली आलुबुखारासारखी फळे व पनीर खाऊन तो एकदा समुद्रात असह्य पोटदुखीने खोलीत कोसळला. ग्लानीत त्यास सुकाणूपाशी जुन्या काळच्या पोशाखातील एक उंच मनुष्य दिसला व तो कोलंबसाच्या ताफ्यातील 'पिंटा' जहाजाचा वाटाड्या असल्याचे त्याने सांगितले. तापाचाच तो भ्रम होता, परंतु शुद्धीवर आल्यावर पाहतो तो तुफानातून स्प्रे योग्य दिशेनेच नव्वद मैल पुढे गेलेली! तिची घडणच अशी होती की, शिडे नीट लावून सुकाणू बांधून ठेवले असता ती आपली वाट सोडीत नसे.

सुएझमार्गे पूर्वेस जाण्याचा त्याचा बेत होता. जिब्राल्टर येथे इंग्रज नौदलाच्या अधिकाऱ्यांनी भूमध्य समुद्रातील चाच्यांविषयी सावध केल्यामुळे त्याने तो रद्द केला व तो उलट पश्चिमेकडे वळला. मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ चाच्यांच्या गलबताने त्याचा पाठलाग केलाच. एका प्रचंड लाटेने त्या गलबताची डोलकाठी मोडली, म्हणून तो वाचला.

१८९६ च्या फेब्रुवारीत तो दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरला. दोन्ही बाजूंस बर्फाचे डोंगर, आणि त्यांवरून अकस्मात कोसळणारे वारे. एकदा तो पॅसिफिक महासागरात पोचला, पण वादळाने त्यास केप हॉर्नकडे ढकलले. रात्रीच्या अंधारात भोवती सर्वत्र खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा पांढरा फेस, त्यांतून वाट काढीत त्याने पहाट गाठली. त्या भागातील लोक रात्री नौकांवर चढतात, असे त्यास सांगण्यात आले होते व पुंता आरेनास येथील एका कप्तानाने गालिचात ठोकण्याच्या चुका त्यास भेट दिल्या होत्या. त्या फलाटावर टोके वर करून पसरून तो निर्धास्त झोपला. मध्यरात्री अनवाणी पायांनी वर आलेली माणसे आक्रोश करीत पाण्यात उड्या टाकून पळाली. या प्रसंगास वाचक हसतात. परंतु त्याच काळात मेंढ्यांची कुरणे व सोने यांच्या लोभाने गोरे लोक तेथील मूळ रहिवाशांस निर्दयपणे नष्ट करीत होते, हेही विसरता येत नाही. परक्या नौका त्यांना शत्रूच्या वाटल्या असतील.

हुआन फर्नांडिस बेटावर त्याने तेथील लोकांना चरबीत गोड वडे तळण्याची कृती शिकविली व वाटेत समुद्रावर सापडलेली चरबीच त्यांना विकली. तेथून निघाल्यावर बहात्तर दिवस तो कोठेही थांबला नाही. या प्रवासात त्याने चंद्र व सूर्य यांमधील कोन मोजून, कोष्टकांच्या साहाय्याने आपले स्थान काढण्याचा प्रयत्न केला. ही रीत अतिशय किचकट असल्यामुळे बहुतेक नाविकांनी सोडून दिली होती. उत्तर आले ते त्याच्या अंदाजापेक्षा शेकडो मैल दूरचे. त्याने पुन्हा मोजले, तेच उत्तर. तेव्हा त्याने आपल्या अंदाजाचा नव्हे, तर छापील पुस्तकाचा संशय घेतला आणि कोष्टकातील एका आकड्याची चूक शोधून काढली. ती दुरुस्त करताच हिशेब जुळला, आणि मार्केसास बेटे अपेक्षेप्रमाणे क्षितिजावर उभी राहिली. एकांतात राहूनही ज्याची बुद्धी अशी स्थिर राहते, त्याच्या हाती सुकाणू सुरक्षित असणारच.

सामोआ, सिडनी, मेलबर्न अशी बंदरे घेत तो पुढे गेला. मेलबर्नला बंदराचा कर मागितला, तेव्हा नौका पाहण्यास येणाऱ्यांकडून सहा पेन्स घेऊन त्याने तो भरून काढला. प्रेक्षक घटल्यावर त्याने एक मोठा शार्क पकडला व त्याचेही प्रदर्शन मांडले! हिंदी महासागरात कीलिंग बेटांपर्यंतच्या तेवीस दिवसांच्या, सुमारे २,७०० मैलांच्या प्रवासात त्याला एकूण तीन तासही सुकाणू धरावे लागले नाही. बाकीचा वेळ तो वाचीत, शिवीत आणि स्वयंपाक करीत होता. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांची भेट झाली. पृथ्वी सपाट आहे अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळे पृथ्वीप्रदक्षिणा हा शब्दच त्यांना मान्य झाला नाही. सेंट हेलेना बेटावर भेट मिळालेल्या बकरीने वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला, तेव्हा पुढचा मार्ग त्यास स्मरणाने काढावा लागला.

२७ जून १८९८ रोजी रात्री एक वाजता स्प्रेने अमेरिकेतील न्यूपोर्ट बंदरात नांगर टाकला. स्पेनशी युद्ध चालू असल्यामुळे बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरले होते. कडेच्या खडकांना अगदी लगटून स्लोकमने त्यांना बगल दिली. तीन वर्षे, दोन महिने आणि ४६,००० मैलांहून अधिक प्रवास संपला होता. काही दिवसांनी तो फेअरहेवनला गेला व ज्या खुंटाजवळून नौका प्रथम पाण्यात उतरली होती, त्याच खुंटास त्याने ती बांधली.

१९०० साली त्याने लिहिलेले प्रवासवर्णन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ज्याची शाळा दहाव्या वर्षी सुटली, त्याचे हे लेखन इतके सरळ व खेळकर उतरले आहे की, ते आजही वाचले जाते. सामान्य ऐपतीचा मनुष्यही लहान नौकेतून महासागर ओलांडू शकतो, हे लोकांना त्यातून कळले. स्प्रेच्या बरहुकूम नौका निरनिराळ्या देशांत बांधल्या गेल्या, मात्र ती नौका खरोखर कितपत सुरक्षित होती याविषयी नौकारचनाकारांत मतभेद राहिले. त्याच्या वाटेने पुढे अनेक जण गेले. आपल्याकडे दिलीप दोंदे हे नौदलातील अधिकारी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले व १९ मे २०१० रोजी मुंबईसच परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत.

कीर्ती व थोडा पैसा मिळाल्यावर स्लोकमने १९०२ साली मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतले. फळझाडे लावली, काही काळ शेतात मन रमविण्याचा प्रयत्न केला. पण ते जमले नाही. थंडी सुरू झाली की तो स्प्रेची शिडे उभारून वेस्ट इंडीजकडे निघून जाई. नौकाही आता त्याच्यासारखीच थकली होती. तिच्या दोरखंडांची पूर्वीसारखी निगा राखलेली दिसत नसे. दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीतून आत शिरून ॲमेझॉनपर्यंत जाण्याचा बेत त्याने मनात धरला होता. त्यासाठी तो आपल्या बेटावरून निघाला, आणि त्यानंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही. हेन्रिएटा बरीच वर्षे वाट पाहत राहिली. अखेर १९२४ मध्ये न्यायालयाने तो मृत झाल्याचे जाहीर केले व मृत्यूची तारीख १४ नोव्हेंबर १९०९ धरली. स्प्रेची एक फळीही कोणास कोठे सापडली नाही.