एस. एम. जोशी

श्रीधर महादेव जोशी (१२ नोव्हेंबर १९०४ – १ एप्रिल १९८९), एस. एम. जोशी या नावाने परिचित, हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी नेते, कामगार संघटक व संसदपटू होते. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस म्हणून त्यांनी परस्परविरोधी विचारांच्या पक्षांची निवडणूक आघाडी उभी केली. या आघाडीने १९५७ सालच्या निवडणुकीत काँग्रेसला मुंबई शहरात व पश्चिम महाराष्ट्रात मोठा धक्का दिला. पुढे प्रजासमाजवादी पक्ष, संयुक्त समाजवादी पक्ष आणि महाराष्ट्रातील जनता पक्ष यांचे ते अध्यक्ष होते. विरोधी पक्षांनी वेगळे राहून आघाडी करावी की एका पक्षात विलीन व्हावे, हा स्वातंत्र्योत्तर भारतीय राजकारणातील प्रश्न त्यांच्या सार्वजनिक जीवनात वारंवार उभा राहिला.

प्रारंभीचे जीवन

जोशी यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथे झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्याने त्यांचे शिक्षण आर्थिक ओढाताणीत झाले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शालेय शिक्षण घेतल्यावर ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथून पदवी मिळवल्यानंतर त्यांनी कायद्याचेही शिक्षण पूर्ण केले. याच काळात ना. ग. गोरे यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला व तो अखेरपर्यंत टिकला.

१९२९ साली पुण्यातील पर्वतीच्या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. त्यात सवर्ण तरुणांपैकी जे सहभागी झाले, त्यांत जोशी होते. पुढील वर्षी सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांना कारावास झाला. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला, तेव्हा जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन व ना. ग. गोरे यांच्यासह ते त्याच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत होते. १९३९ साली त्यांचा विवाह तारा पेंडसे यांच्याशी झाला. १९४१ साली पुनर्रचना झालेल्या राष्ट्र सेवा दलाचे ते दलप्रमुख झाले. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात ते भूमिगत होते व इमाम अली या नावाने मुसलमान वेशात वावरत. १९४३ साली त्यांना अटक झाली.

समाजवादी पक्ष व पहिली सार्वत्रिक निवडणूक

१९४८ साली समाजवादी गट काँग्रेसमधून बाहेर पडला. स्वतंत्र पक्ष म्हणून आपल्याला मोठे यश मिळेल, अशी समाजवाद्यांची अपेक्षा होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने ती फोल ठरवली. लोकसभेसाठी समाजवादी पक्षाला सुमारे साडेदहा टक्के मते पडली, परंतु जागा मात्र १२ मिळाल्या. काँग्रेसने सुमारे ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येण्याच्या पद्धतीत विरोधी मते विभागली गेली की त्याचा लाभ सर्वांत मोठ्या पक्षाला होतो, हे या निकालातून स्पष्ट झाले. १९५२ साली समाजवादी पक्ष व आचार्य कृपलानी यांचा किसान मजदूर प्रजा पक्ष यांचे विलीनीकरण होऊन प्रजासमाजवादी पक्ष अस्तित्वात आला. १९५५ च्या अखेरीस राममनोहर लोहिया यांनी वेगळा समाजवादी पक्ष काढला. जोशी प्रजासमाजवादी पक्षातच राहिले.

संयुक्त महाराष्ट्र समिती

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली द्विभाषिक मुंबई राज्याची व स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याची घोषणा झाल्यावर मुंबईत उग्र आंदोलन झाले आणि पोलीस गोळीबारात अनेक जण मृत्युमुखी पडले. आंदोलनात बळी गेलेल्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. तोपर्यंत या मागणीचे नेतृत्व मुख्यतः शंकरराव देव यांच्याकडे व संयुक्त महाराष्ट्र परिषदेकडे होते. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली व जोशी तिचे सरचिटणीस झाले.

समितीत प्रजासमाजवादी पक्ष, भारतीय कम्युनिस्ट पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन व लाल निशाण गट यांच्याबरोबर हिंदु महासभा आणि जनसंघही होते. १९४२ च्या आंदोलनाला कम्युनिस्टांनी केलेला विरोध समाजवादी विसरले नव्हते. ग्रामीण बहुजन समाजात मुळे असलेला शेतकरी कामगार पक्ष आणि दलितांचे प्रतिनिधित्व करणारे फेडरेशन यांचे गावपातळीवरील हितसंबंध नेहमीच जुळत असत असे नाही. या सर्वांना मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य या एकाच मागणीवर एकत्र ठेवणे हे सरचिटणीसाचे मुख्य काम होते. श्रीपाद अमृत डांगे व प्रल्हाद केशव अत्रे यांच्यासारख्या आक्रमक वक्त्यांच्या शेजारी जोशी यांची ओळख मध्यस्थ व संयमी नेता अशी झाली. आंदोलन शांततामय राहावे, यावर त्यांचा भर होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर काही महिन्यांतच सार्वत्रिक निवडणूक झाली. समितीने घटक पक्षांत मतदारसंघ वाटून काँग्रेसविरुद्ध शक्यतो एकच उमेदवार दिला. घटक पक्षांनी आपापले स्वतंत्र अस्तित्व कायम ठेवले होते. मुंबई शहर व पश्चिम महाराष्ट्र येथे समितीला मोठे यश मिळाले. स्वतः जोशी पुण्यातील शुक्रवार पेठ मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. लोकसभेत डांगे, गोरे, नाथ पै व दादासाहेब गायकवाड यांचा प्रवेश झाला. मात्र गुजरात, विदर्भ व मराठवाडा या भागांतील जागांच्या बळावर ३९६ पैकी २३४ जागा मिळवून काँग्रेसने राज्यातील सत्ता राखली. संपूर्ण राज्यात प्रजासमाजवादी पक्षाला ३६, शेतकरी कामगार पक्षाला ३१ आणि कम्युनिस्ट पक्ष व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांना प्रत्येकी १३ जागा मिळाल्या. सत्ता हाती आली नाही, तरी द्विभाषिक राज्याला मराठी मुलखाची संमती नाही हे निकालाने दाखवून दिले.

समितीचे विघटन

निवडणुकीनंतर समितीतील मतभेद वाढू लागले. प्रजासमाजवादी पक्षाच्या राष्ट्रीय नेतृत्वाला कम्युनिस्टांशी दीर्घकाळ सहकार्य करणे मान्य नव्हते. हंगेरीतील व पुढे तिबेटमधील घटनांनी समाजवादी व कम्युनिस्ट यांच्यातील जुना वाद पुन्हा पुढे आला. समिती हे विशिष्ट मागणीपुरते व्यासपीठ आहे, की काँग्रेसला पर्याय देणारा कायमस्वरूपी पक्ष, याबाबत घटक पक्षांत एकमत नव्हते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि समितीला बांधून ठेवणारी मागणी मुख्यतः पूर्ण झाली. बेळगाव व लगतच्या सीमाभागाचा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला. प्रजासमाजवादी पक्ष समितीतून बाहेर पडला. त्यामुळे समितीच्या पूर्वीच्या सहकाऱ्यांतही कटुता आली व जोशी यांच्यावर तीव्र टीका झाली. एकत्र विरोधकांअभावी १९६२ सालच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाला १५, प्रजासमाजवादी पक्षाला ९ व कम्युनिस्ट पक्षाला ६ जागा मिळाल्या. ज्या मागणीसाठी समिती लढली ती मान्य झाल्याचे राजकीय श्रेय मोठ्या प्रमाणात यशवंतराव चव्हाण यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसला मिळाले.

संयुक्त समाजवादी पक्ष

१९६३ साली जोशी प्रजासमाजवादी पक्षाचे अध्यक्ष झाले. दोन्ही समाजवादी प्रवाह एकत्र यावेत या प्रयत्नांतून १९६४ साली संयुक्त समाजवादी पक्ष स्थापन झाला व त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६५ साली वाराणसी येथील अधिवेशनात हे ऐक्य भंगले. प्रजासमाजवादी गटातील अनेकांनी आपला जुना पक्ष पुन्हा उभा केला. त्यांत गोरे होते. जोशी मात्र लोहियांबरोबर संयुक्त समाजवादी पक्षात राहिले. तरुणपणापासूनचे दोन मित्र अशा रीतीने वेगवेगळ्या पक्षांत गेले, तरी त्यांचा वैयक्तिक स्नेह कायम राहिला.

काँग्रेसविरोधी मतांची विभागणी टाळण्यासाठी सर्व विरोधी पक्षांशी समझोता करावा, ही लोहियांची भूमिका होती. १९६७ सालच्या निवडणुकीत लोकसभेतील काँग्रेसच्या जागा ५२० पैकी २८३ पर्यंत घसरल्या व अनेक राज्यांत आघाडी सरकारे आली. जोशी पुण्यातून लोकसभेवर निवडून आले. महाराष्ट्रात संपूर्ण महाराष्ट्र समितीच्या नावाने विरोधी पक्षांच्या ऐक्याचा प्रयत्न झाला, परंतु काँग्रेसने २७० पैकी २०३ जागा मिळवून सत्ता टिकवली. १९७१ साली संयुक्त समाजवादी पक्षाने संघटना काँग्रेस, जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्याबरोबर बडी आघाडी केली. या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ३५२, संयुक्त समाजवादी पक्षाला ३ व आघाडीबाहेरील प्रजासमाजवादी पक्षाला २ जागा मिळाल्या. त्याच वर्षी दोन्ही समाजवादी पक्ष पुन्हा एकत्र आले.

जनता पक्ष व पुलोद

आणीबाणीच्या काळात जोशी विरोधी पक्षांच्या एकीकरणाच्या प्रयत्नांत सहभागी होते. १९७७ साली जनता पक्ष सत्तेवर आल्यावर त्यांनी मंत्रिपद स्वीकारले नाही. महाराष्ट्रात पक्षाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी ९९ जागा मिळवून जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण दोन्ही काँग्रेस पक्षांनी एकत्र येऊन वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली सरकार स्थापन केले. जुलै १९७८ मध्ये शरद पवार व त्यांचे सहकारी बाहेर पडल्याने ते कोसळले. जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष व पवारांचा गट यांनी पुरोगामी लोकशाही दल अर्थात पुलोद स्थापन केले. आघाडीत सर्वाधिक आमदार असूनही जनता पक्षाने मुख्यमंत्रिपद पवार यांना दिले. या निर्णयामागे प्रदेशाध्यक्ष जोशी यांची संमती होती.

त्याच महिन्यात विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले व सरकारने अंमलबजावणी स्थगित केली. जोशी यांनी नामांतराचा जाहीर पुरस्कार केला आणि त्यासाठी मराठवाड्यात अपमानही सोसला. पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. त्याआधीच जनता पक्षात फूट पडली होती.

अखेरचा काळ व वारसा

जोशी यांनी संरक्षण खात्यातील कर्मचाऱ्यांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्षपदही भूषविले होते. 'मी एस. एम.' हे त्यांचे आत्मचरित्र १९८४ साली प्रसिद्ध झाले. १ एप्रिल १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्यातील एस. एम. जोशी सोशॅलिस्ट फाउंडेशन, मुठा नदीवरील पूल व हडपसर येथील महाविद्यालय यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.

त्यांनी ज्या पक्षांचे नेतृत्व केले, त्यांपैकी एकही पक्ष महाराष्ट्रात स्वबळावर सत्तेवर आला नाही. त्यांच्या कारकिर्दीत समाजवाद्यांची विलीनीकरणे अनेकदा फुटली. याउलट स्वतंत्र अस्तित्व राखून एका मागणीसाठी एकत्र आलेल्या पक्षांची समिती केवळ चार वर्षे टिकली, परंतु तिची मुख्य मागणी पूर्ण झाली.